महामारीकाळातील विद्यापीठीय खेळाडूंचे मानसिक आरोग्य (कोल्हापूर)

साथरोगामुळे सराव, स्पर्धा आणि सोबत्यांचा सहवास एकदम बंद पडल्यावर महाविद्यालयीन व विद्यापीठीय खेळाडूंच्या मनावर होणारे परिणाम हा क्रीडा मानसशास्त्राचा अभ्यासविषय असून कोविड-१९ च्या साथीत तो जगभर ऐरणीवर आला. कोल्हापुरात या प्रश्नाचा विचार केवळ महाविद्यालयाच्या चौकटीत करून भागत नाही. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात कोल्हापूर, सांगली व सातारा हे जिल्हे येतात आणि तेथील पुष्कळ खेळाडू विद्यापीठाचे विद्यार्थी असले, तरी तालमीचे (कुस्तीच्या आखाड्याचे) किंवा पेठेच्या फुटबॉल संघाचे आधी असतात.

२४ मार्च २०२० रोजी टोकियो ऑलिंपिक लांबणीवर पडल्याचे जाहीर झाले आणि त्याच मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. हे दिवस नेमके गावोगावच्या यात्रांचे होते. चैत्रातील जोतिबाची यात्रा त्या वर्षी रद्द झाली, तशी खेड्यापाड्यांतील कुस्ती मैदानेही झाली नाहीत. मल्लविद्येबाहेरच्या वाचकाला यातली हानी चटकन लक्षात येणार नाही. शिकणाऱ्या पैलवानाचा दूध, तूप, बदाम यांचा खुराक बऱ्याच अंशी या मैदानांच्या इनामावर चालतो. इनाम थांबले की खुराकाचा भार घरच्यांवर पडतो आणि शेतीच्या बेताच्या उत्पन्नात आपण ओझे झालो आहोत, ही टोचणी मुलाला लागते.

तालीम बंद होणे म्हणजे व्यायामाची जागा बंद होणे एवढेच नव्हे. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी यांसारख्या तालमींत मुले राहतात, पहाटे एकत्र जोर-बैठका मारतात, हातानेच स्वयंपाक करतात आणि वस्तादाच्या (कुस्ती शिकवणाऱ्या गुरूच्या) धाकात झोपतात. हौद्यातील (कुस्ती खेळायच्या खड्ड्यातील) तांबडी माती रोज खणून, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ राखावी लागते. माणसे गेली की ती कडक होते. गावी परतलेला मल्ल गोठ्यासमोरच्या अंगणात जोर मारू शकत होता, पण त्याला जोड, म्हणजे लढत करायला बरोबरीचा मल्ल, मिळत नव्हता. ज्या खेळात समोरच्याच्या मानेवर हात टाकल्याशिवाय सरावच होत नाही, त्या खेळाला अंतर राखण्याचा नियम सर्वांत जड गेला. फुटबॉलचा हंगाम अर्ध्यावर थांबला आणि जलतरणपटूंना तर पाणीच मिळेना. नेमबाज निदान घरी रिकाम्या बंदुकीने नेम धरू शकत होते. टोकियोसाठी निवडल्या गेलेल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत व तेजस्विनी सावंत यांना मात्र वर्षभर जादा वाट पाहावी लागली.

सराव सुटल्यावर दोन ते चार आठवड्यांत दमसास घटू लागतो. ताकद त्यामानाने उशिरा ओसरते. शरीरातील हा बदल खेळाडूला स्वतःची किंमत कमी झाल्यासारखा वाटतो, कारण ‘मी पैलवान आहे’ याखेरीज दुसरी ओळख त्याने जोपासलेली नसते. झोप उडणे, चिडचिड, वजनाची धास्ती, बोलणे कमी होणे ही लक्षणे त्यातून दिसतात. तालमीत ‘नैराश्य’ हा शब्द सहसा कोणी वापरत नाही. ‘अंगात रग राहिली नाही’, ‘मेहनत होत नाही’ असेच सांगितले जाते आणि ऐकणाराही त्यावर खुराकाचाच उपाय सुचवतो. नैराश्य तपासणाऱ्या नेहमीच्या प्रश्नावल्यांचीही येथे अडचण होते: थकवा, भूक व झोप यांविषयीचे प्रश्न सराव सुटलेल्या मल्लाला विचारले, तर उत्तर मनाचे की शरीराचे, हे उलगडत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२० मध्ये उच्च स्तरावरील खेळाडूंसाठी स्वतंत्र तपासणी साधन पुढे आणले, ते या दृष्टीने उपयुक्त आहे. केंद्र शासनाने त्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या मानसिक आधारासाठी ‘मनोदर्पण’ उपक्रम आणि सर्वांसाठी ‘किरण’ ही समुपदेशनाची दूरध्वनी सेवा सुरू केली. तथापि वस्तादाला विचारल्याशिवाय पाऊल न टाकणारा मुलगा अनोळखी समुपदेशकाला आपण होऊन फोन करील, ही अपेक्षा जरा भाबडीच होती. त्यापेक्षा वस्तादांनाच ही लक्षणे ओळखायला शिकवणे अधिक फलदायी ठरले असते.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत जिल्ह्यातील निर्बंध लांबले आणि जुलैत पंचगंगेला महापूर आला. आजारातून उठलेल्यांना हृदयावरील परिणामांची भीती असल्याने सराव टप्प्याटप्प्यानेच वाढवावा, असा वैद्यकीय सल्ला होता. परंतु पहिल्याच झटापटीत लागलेली धाप ही अशक्तपणाची की आजाराची, या शंकेने अनेकदा मनच आधी माघार घेते.

सर्वांत अवघड प्रश्न वयाचा आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी २५ वर्षांची मर्यादा आहे. खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा फेब्रुवारी २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झाल्या आणि त्यानंतरच्या थेट एप्रिल २०२२ मध्ये बंगळूरला भरल्या. मधल्या काळात वयाची अट ओलांडलेल्या खेळाडूंची शेवटची संधी न खेळताच संपली. महाराष्ट्रात शासकीय नोकरीतील ५ टक्के क्रीडा आरक्षणासाठी स्पर्धेतील कामगिरीचे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे ही हानी पदकापुरती राहत नाही. पुन्हा मैदानात कसे उतरावे, याचे मार्गदर्शन या खेळाडूंच्या कामाचे नाही. त्यांची अवस्था दुखापतीमुळे अकाली निवृत्त झालेल्या खेळाडूसारखी असते आणि उपचाराची दिशाही तीच धरावी लागते.