प्रतिफळाचे वचन आणि प्रलोभनाचे कलम

नंदुरबार जिल्ह्यात नवापूर-चिंचपाड्यापासून तळोदा-धडगावपर्यंत ख्रिस्ती सभेबद्दल तक्रार झाली की प्रश्न एकाच ठिकाणी येऊन अडतो: धर्मांतरासाठी लोकांना काय देऊ केले? धान्य, औषध, शाळेचा प्रवेश, की देवाचा आशीर्वाद? पहिल्या तिन्हींची चौकशी पोलीस करू शकतात. चौथे हे त्या धर्माचे शिक्षणच आहे, आणि गेल्या अर्धशतकात कायद्याचे हात नेमके त्याच्यापर्यंत पोहोचले.

पुनरुत्थित येशू "स्वर्गात व पृथ्वीवर सर्व अधिकार" आपल्याला दिल्याचे सांगतो आणि लगेच शिष्य करण्याची आज्ञा देतो (बायबल, मत्तय 28). त्यामुळे विश्वासणाऱ्याच्या लेखी प्रचार हा आज्ञापालनाचा भाग असतो. प्रतिफळाचे वचनही तिथूनच येते, पण ते अवघड आहे. स्मुर्णा शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, जीवनाचा मुगूट देऊ केला, तो तुरुंगवासाचा इशारा देऊन (प्रकटीकरण 2). आणि तारण कर्मांचे फळ नाही, ते देवाचे दान आहे (इफिस 2). द्राक्षमळ्याच्या दाखल्यात काम संपायच्या तासभर आधी आलेल्या मजुरालाही दिवसभराची मजुरी मिळते. आखाजीला (अक्षय तृतीयेला) सालदाराचे साल ठरवणाऱ्या खान्देशात हा हिशेब ऐकणाऱ्याला खटकतोच, आणि खटकावा म्हणूनच तो दाखला आहे. कृपा आणि कर्म यांचा हा वाद युरोपात 1547 च्या कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेच्या ठरावाने पक्का दुभंगला आणि 1999 मध्ये कॅथलिक व लुथरन मंडळ्यांच्या संयुक्त घोषणेने बराचसा मिटला.

खान्देशात मात्र या शिकवणीची गाठ आधी भुकेशी पडली. 1899-1900 च्या छप्पन्न्याच्या दुष्काळाने हा मुलूख मोडला होता. त्यानंतरच्या दशकांत स्कँडिनेव्हिया आणि अमेरिकेतून आलेल्या मिशनऱ्यांनी पश्चिम खान्देशात भिल्ल, मावची वस्त्यांमध्ये काम सुरू केले. दवाखाना, बोर्डिंग आणि उपासना एकाच आवारात असत. संशयाचे मूळ तिथे आहे, आणि तो संशय पूर्णपणे निराधार होता असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण दैवी आज्ञा आणि दैवी कोप यांची भाषा इथे मिशनऱ्यांनी आणली, हे खरे नाही. 1922 च्या देवीच्या चळवळीत अंगात आलेल्या देवीच्या आज्ञेने पाड्यापाड्यांनी दारू सोडली. आज्ञा मोडणाऱ्यावर संकट येईल, अशी धास्ती होती. 1938 च्या सुमारास तळोद्याजवळ मोरवडला गुला महाराजांच्या आरतीसाठी लोटलेल्या हजारो आदिवासींनीही व्यसन सोडले, ते संताच्या शब्दाखातर. या दोन्ही चळवळींकडे आज आपण समाजसुधारणा म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे.

पुढचा निर्णायक भाग खान्देशाबाहेर घडला. 1967 मध्ये ओरिसाने आणि 1968 मध्ये मध्य प्रदेशाने धर्मस्वातंत्र्याचे कायदे केले. दोन्हींत 'बळजबरी'च्या व्याख्येत दैवी अवकृपेची धमकी धरली होती. ओरिसाच्या व्याख्येत 'प्रलोभन' म्हणजे भेटवस्तू किंवा कोणताही लाभ, आर्थिक वा अन्य. 1972 मध्ये ओरिसाच्या उच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. न्यायालयाला प्रलोभनाची व्याख्या फार सैल वाटली: प्रभूच्या कृपेने तुझा आत्मा उन्नत होईल, एवढे म्हणणेही तिच्यात अडकू शकते. दैवी अवकृपेच्या धमकीला मात्र त्याच न्यायालयाने बळजबरीत धरणे मान्य केले. म्हणजे भीती गुन्ह्यात धरता येते, आशा धरता येत नाही, अशी रेघ तिथे ओढली गेली. 1974 मध्ये मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयाने आपल्या राज्याचा कायदा वैध ठरवला.

1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने दोन्ही कायदे कायम ठेवले. आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क नाही, हे या निकालाचे सूत्र. ते सगळ्यांना पाठ आहे. पण ओरिसाच्या न्यायालयाने उभा केलेला प्रश्न त्यात सुटला नाही. ज्या धर्माच्या तत्त्वांतच वचन आहे, त्याची तत्त्वे वचन वगळून कशी समजावायची? माझ्या मते हा निकालातला सर्वात मोठा कच्चा दुवा आहे, आणि त्याची किंमत सीमेवरची माणसे मोजत आहेत.

कारण 2021 मध्ये आशेचीही पाळी आली. मध्य प्रदेशाच्या नव्या कायद्यात चांगल्या राहणीमानाबरोबर दैवी कृपेचे आश्वासन प्रलोभनात आले, तर गुजरातने 2003 च्या कायद्यात दुरुस्ती करून 'दैवी आशीर्वाद' घातले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुजरात उच्च न्यायालयाने काही कलमांना स्थगिती दिली, पण ती आंतरधर्मीय विवाहांपुरती. दैवी आशीर्वादाचे शब्द जागेवरच राहिले.

नवापूर रेल्वे स्टेशनचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातमध्ये आहे. उत्तरेला पावरा-बारेला कुळांची सोयरीक सातपुड्याच्या दोन्ही अंगांना आहे, त्यामुळे लग्नाला, दहाव्याला माणसे जातात-येतात आणि पाळकही (पास्टर) सोबत जातो. धडगावला मत्तय 28 वर बोललेला उपदेश पलीकडे मध्य प्रदेशातल्या पानसेमलला तसाच बोलला, तर कायदा वेगळा लागतो. 2025 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनेही अशा कायद्याच्या अभ्यासासाठी सात सदस्यांची समिती नेमली. मसुद्यात 'लाभ' या शब्दापुढे काय लिहिले जाते, याकडे इथल्या मंडळ्यांचे लक्ष तेव्हा लागले.