'इनॅमल' म्हणजे नेमके काय? गाड्यांच्या आणि यंत्रांच्या रंगामागची पार्श्वभूमी

गाडीची चासी, ट्रॅक्टर किंवा जनरेटरचे खोके रंगवायला निघालेल्या माणसापुढे आज साधारण चार डबे येतात: सिंथेटिक इनॅमल, लवकर वाळणारे इनॅमल, अ‍ॅक्रिलिक इनॅमल आणि हार्डनर (रंग कडक करणारा दुसरा घटक) मिसळायचे पीयू (पॉलियुरेथेन) इनॅमल. चारही डब्यांवर 'इनॅमल' हा शब्द ठळक असतो आणि आतला माल मात्र एकमेकांशी जुळेलच असे नाही. टिकाऊ रंग निवडताना होणाऱ्या बऱ्याचशा चुका या एका शब्दापासून सुरू होतात, म्हणून आधी त्याचाच उलगडा.

मूळ इनॅमल हा रंग नव्हेच. काचेची पूड धातूवर पसरून सुमारे ८०० अंश सेल्सिअसला वितळवली की जो थर बसतो ते इनॅमल. मीनाकारीचे दागिने आणि एनॅमलची पांढरी भांडी त्याच घराण्यातली. तेलात शिजवलेल्या वार्निशमध्ये रंगद्रव्य घालून तसाच गुळगुळीत, चकचकीत आणि कडक पृष्ठभाग मिळू लागला, तेव्हा रंगवाल्यांनी काचेचे हे नाव उसने घेतले. म्हणजे सुरुवातीला या शब्दाने फक्त दिसणे सांगितले. थर कशाचा, तो कसा वाळतो, यातले काहीच सांगितले नाही.

मोटारींच्या धंद्यात १९२० च्या दशकानंतर या शब्दाला दुसरा अर्थ चिकटला आणि कामाचा अर्थ तोच आहे. तिथे इनॅमल म्हणजे लॅकरच्या उलट. लॅकरमधला थिनर उडून गेला की रंग वाळला. आत कोणतीही नवी जोडणी होत नाही. पुन्हा तोच थिनर लावा, लॅकर विरघळते. इनॅमलमध्ये थिनर उडाल्यावर खरे काम सुरू होते. राळेचे, म्हणजे रंगाचा थर बांधणाऱ्या द्रव्याचे, रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि थर पुन्हा पूर्वीसारखा पातळ होत नाही. हे गुंफणे तीन वाटांनी होते: हवेतल्या ऑक्सिजनने, भट्टीच्या उष्णतेने, किंवा मिसळलेल्या हार्डनरने. डब्यावर याच तीनपैकी एक गोष्ट मोठ्या अक्षरांत छापायला हवी होती, असे मला ठामपणे वाटते. त्याऐवजी छापली जाते ती चमक.

बोलीभाषेने गुंता आणखी वाढवला. सिंथेटिक इनॅमलला सर्रास 'ऑइल पेंट' म्हटले जाते. त्यात तेल असते हे खरे, पण ते राळेच्या रेणूतच बांधलेले असते. 'ड्युको' हे तर एका लॅकरचे व्यापारी नाव, ते आता फवारून केलेल्या कुठल्याही गुळगुळीत कामाला लावले जाते. मग 'जुना ड्युको आहे, वरून ऑइल पेंट मार' अशा सूचनेतून जुना थर कोणता ते कळणार कसे?

आणि ते कळणे गरजेचे असते. ऑक्सिजनने वाळणाऱ्या इनॅमलवर लॅकरचा जहाल थिनर पडला की खालचा थर फुगतो, उचलला जातो आणि सुरकुत्या पडतात. दुसरा हात काही तासांच्या आत मारा, नाहीतर काही दिवस थांबा, अशी सूचना या रंगांवर असते ती याचमुळे. अर्धवट गुंफलेला थर सर्वात नाजूक असतो. जुना थर ओळखायला एक सोपी चाचणी आहे. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरच्या थिनरमध्ये बुडवलेला कापूस कोपऱ्यात घासावा. रंग विरघळून कापसावर उतरला तर लॅकर, सुरकुतला किंवा उचलला गेला तर हवेत वाळलेले इनॅमल, काहीच झाले नाही तर भट्टीत भाजलेला किंवा हार्डनरचा थर.

सिंथेटिक इनॅमलच्या आधीचा इतिहास थोडक्यात पुरे. घोडागाड्यांच्या काळातली जवसाच्या तेलाची वार्निशे पहिल्या मोटारींवरही आली. एकेक हात वाळवत, घासत गाडी पूर्ण व्हायला आठवडे लागत. १९१४ ते १९२५ या काळात सर्वात खपाची मोटार फक्त काळ्या रंगात मिळे. तो काळा थर डांबराच्या जातीच्या नैसर्गिक द्रव्याचा, स्वस्त आणि चिवट होता, आणि त्या द्रव्यातून दुसरा रंग निघणे शक्यच नव्हते. १९२३-२४ मध्ये नायट्रोसेल्युलोज लॅकर आले आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. मात्र फवाऱ्यात घन भाग कमी, त्यामुळे हात अनेक मारावे लागत आणि शेवटी पॉलिशही करावे लागे.

आजच्या यंत्रांवरचा रंग समजून घ्यायचा तर १९२७ हे वर्ष महत्त्वाचे. 'अल्कीड' हा शब्द तेव्हा घडवला गेला: अल्कोहोल आणि अ‍ॅसिड यांच्या संयोगातून बनलेली राळ, म्हणून दोन्ही नावांची जोड. तिच्यात वाळणारे तेल बांधले की हवेत वाळणारा, चकचकीत, ब्रशने सहज पसरणारा रंग मिळतो. तेच सिंथेटिक इनॅमल. तेलाचे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास असेल तर थर लवचिक, ब्रशला सोपा, पण वाळायला मंद. ४० टक्क्यांखाली असेल तर झटपट वाळणारा, कडक, फवारणीचा किंवा भट्टीचा. 'लवकर वाळणारे इनॅमल' बहुधा या दुसऱ्या टोकाकडचे असते. मोटारींच्या कारखान्यांनी पुढे अल्कीडला मेलामाइन या दुसऱ्या राळेची जोड देऊन ते १२० ते १५० अंशांना भाजायला घेतले. नांगर, क्रेन, पंप सहसा भट्टीत घालता येत नाहीत, त्यामुळे अवजारांच्या दुनियेत हवेत वाळणारे अल्कीड टिकून राहिले.

त्याचे दुबळेपण त्याच्या घडणीतच आहे. राळेतले एस्टरबंध, म्हणजे अल्कोहोल आणि अ‍ॅसिड यांना जोडणारे सांधे, अल्कलीपुढे (क्षारापुढे) तुटतात. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर थेट सिंथेटिक इनॅमल मारले तर दमटपणात जस्ताशी त्याची प्रक्रिया होऊन मधल्या मध्ये साबणासारखा थर तयार होतो. काही महिन्यांनी रंग अख्ख्या पापुद्र्याने सुटतो. दोष रंगाऱ्याच्या हाताला दिला जातो, चूक मात्र निवडीची असते. तिथे आधी जस्ताला चालणारा प्रायमर हवा. पेट्रोल सांडत राहिले तरी हा रंग मऊ पडतो, आणि ब्रेक ऑइल तर त्याला सोलूनच काढते.

या दुबळेपणावर उतारा म्हणून हार्डनर आला. दोन भागांचे पॉलियुरेथेन रंग १९६०-७० च्या दशकांत वाहनांवर रुळले आणि त्यांच्यातला आयसोसायनेट हार्डनर साध्या अल्कीडमध्येही मिसळायची पद्धत पडली. चमक वाढते, वाळणे लवकर होते, इंधनाला थर अधिक टिकतो. हे तिन्ही फायदे खरे आहेत. पण फवाऱ्यातले आयसोसायनेट श्वासात गेले की दम्यासारखा कायमचा त्रास जडू शकतो. एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. त्याला सावध करणारा वास नसतो, त्यामुळे मास्कची गाळणी (कार्ट्रिज) संपल्याचे नाकाला कळत नाही. म्हणून बाहेरून शुद्ध हवा पुरवणारे श्वसनसाधनच योग्य. युरोपीय संघात ऑगस्ट २०२३ पासून डायआयसोसायनेट ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असलेला माल धंद्यात वापरणाऱ्यांना आधी प्रशिक्षण घ्यावे लागते. अशी हवा पुरवण्याची सोय नसेल तर हार्डनर फवारूच नये. सोय असेल तर साध्या इनॅमलमध्ये तो मिसळण्यापेक्षा मुळातच दोन भागांचा म्हणून बनवलेला रंग घ्यावा. तिथे प्रमाण अंदाजाने ठरवायचे नसते.

अवजारांचा पिवळा आणि नारिंगी हा वेगळाच विषय. त्यांचे टिकणे आणि झाकणे दीर्घकाळ लेड क्रोमेट या शिशाच्या रंगद्रव्यावर उभे होते. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये ६०० पीपीएमची (दहा लाख भागांत ६०० भाग) मर्यादा आली, २००९ मध्ये ती ९० पीपीएम झाली; परंतु शेती आणि उद्योगातल्या यंत्रांवर पुन्हा मारायच्या रंगांना त्यातून सूट होती. त्यामुळे जुन्या यंत्राचा पिवळा थर शिशाचा असण्याची शक्यता धरूनच चालावे. तो कोरडा घासू नये. पाण्याने ओला ठेवून घासावा किंवा रसायनाने काढावा आणि निघालेला गाळ गोळा करून वेगळा ठेवावा. शिसे नसलेले नवे पिवळे रंग खालचे बरेचदा तितके झाकत नाहीत. लाल किंवा करड्या प्रायमरवर ते मारले तर तीन हातांनंतरही डाग दिसत राहतात; आधी पांढरा अंडरकोट दिला तर दोन हातांत काम होते.