‘फूस लावून पळवले’ आणि मनगटातली काळी रेघ

जळगाव-धुळ्याच्या पेपरात ही ओळ सारखी दिसते: ‘अल्पवयीन मुलीला फूस लावून पळवले’. मथळ्यात ‘अपहरण’ असतं. गुन्हा मात्र बहुधा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली नोंदलेला असतो, आणि कायद्याच्या मराठीत त्याला ‘अपनयन’ म्हणतात.

अठरा वर्षांखालच्या मुलाला पालकांच्या संमतीशिवाय त्यांच्या ताब्यातून नेलं, की अपनयन झालं. मूल आनंदानं गेलं तरीही. त्या वयाचा होकार कायदा धरत नाही. अपहरण कलम १३८ मध्ये. तिथे वयाची अट नाही, पण बळजबरी किंवा फसवणूक हवी. नुसत्या अपहरणाला वेगळी शिक्षाही नाही. खून, खंडणी असा हेतू सिद्ध व्हावा लागतो. अपनयनाला सात वर्षांपर्यंत कैद.

(‘पोरं पळवणारी टोळी’ हा तिसराच प्रकार, निव्वळ अफवेचा. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला त्याच अफवेनं भिक्षा मागत फिरणारे पाच जण जमावानं ठार मारले. असा मेसेज पुढे ढकलताना ते पाच जण आठवावेत.)

तर, मुलगी आपण होऊन गेली असेल, तर सगळं तिच्या वयावर येतं. पहिला मान शाळेच्या दाखल्याला, मग जन्मनोंदीला. पण सातपुड्यातल्या पाड्यांवर कित्येकांची नोंदच नसते, आणि गुरुजींनी अंदाजानं टाकलेली ‘१ जून’ आपल्याकडे घरोघरी आहे. कागद नसला, की मनगटाचा एक्स-रे काढतात.

माझं खरं प्रेम इथं आहे. वाढत्या हाडाचं टोक आणि दांडा यांच्यामध्ये कास्थीची, म्हणजे मऊ, लवचिक कुर्चेची (कार्टिलेज) पातळ चकती असते. तिच्यातल्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या रचलेल्या. टोकाकडच्या विभागतात, दांड्याकडच्या फुगतात, मरतात, त्यांच्या जागी हाड भरतं. हाड लांबतं ते असं. कास्थीतून क्ष-किरण आरपार जातात, म्हणून फिल्मवर तिथे काळी रेघ दिसते. पौगंडावस्थेत इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) वाढलं की चकती हळूहळू हाडात विरते. मुलग्यांतही हे इस्ट्रोजेनच करतं. १९९४ साली एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. उंची २०४ सेंटिमीटर, आणि तो अजून वाढतच होता, कारण त्याच्या पेशींना इस्ट्रोजेनचा निरोपच पोचत नव्हता!

चकत्या मिटण्याचा क्रम ठरलेला असतो: कोपर आधी, मग मनगट, त्यानंतर कंबरेच्या हाडाची कड, गळ्याजवळचं हाड तर विशीनंतर. मुलींमध्ये हे सगळं एक-दोन वर्षं आधी होतं. पण आहार, आजार, आनुवंशिकता यांनी वेळ पुढेमागे सरकते. एक्स-रे जन्मतारीख सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्येच दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक मान्य केली आहे. डॉक्टर अहवालात लिहितात, ‘सतरा ते एकोणीस’. अठरा नेमके त्याच्या मधोमध येतात, आणि संशयाचा फायदा बहुधा आरोपीला मिळतो.