मापाचा गाऊन आणि ‘ओत कुत्यूर’

‘गाऊन’ म्हटलं की आपल्याकडे अजूनही घरात घालायचा ढगळ सुती गाऊनच डोळ्यांसमोर येतो. रिसेप्शनचा गाऊन शिवायला टाकला की मात्र बुटिकमध्ये ‘कुटूर पीस’ हा शब्द कानावर पडतो आणि बिलात एक शून्य वाढतं. मापं घेतली, ट्रायल दिली, गाऊन अंगाला बसला. मग तो खरा कुटूर, म्हणजे पॅरिसचं ‘ओत कुत्यूर’ (फ्रेंचमध्ये ‘उच्च शिवणकला’), का नाही?

कारण मापं दोन्हीकडे घेतात. फरक पडतो तो बेतण्यात. मापाच्या गाऊनचा पॅटर्न आधीच तयार असतो. तुमच्या छाती-कमरेप्रमाणे तो कुठे वाढवायचा, कुठे टक्स सरकवायचे, एवढंच. पॅरिसच्या ओत कुत्यूरमध्ये कागद कोरा असतो. पुतळ्यावर भर घालून तो गिऱ्हाइकाच्या अंगलटीचा करतात आणि त्यावर आधी साध्या सुती कापडाचा कच्चा गाऊन चढवतात. त्याला म्हणायचं ‘त्वाल’. आपल्या भाषेत मांजरपाटावरची रंगीत तालीम. एक खांदा किंचित उतरता असला (बऱ्याच जणींचा असतो) तर तो इथेच पकडला जातो. टाचा, उसवा, पुन्हा टाचा. मनासारखं बसलं की मगच रेशमाला कात्री. पुढची शिलाईही बरीचशी हाताची.

दुसरा फरक कायद्याचा. फ्रान्समध्ये 1945 पासून ‘ओत कुत्यूर’ हे नाव संरक्षित आहे. मान्यता असलेल्या फॅशन घराण्यांनाच ते लावता येतं. त्यासाठी पॅरिसमध्ये स्वतःचं शिवणघर लागतं, खासगी गिऱ्हाइकांना फिटिंग देऊन कपडे शिवावे लागतात आणि दर जानेवारी-जुलैत नवा संग्रह दाखवावा लागतो. त्यात दिवसाचे आणि संध्याकाळचे, दोन्ही पोशाख हवेत.

ही अट मला फार शहाणपणाची वाटते. संध्याकाळच्या गाऊनला झगमगाट सांभाळून घेतो. जमिनीपर्यंतचा घेर आणि भरतकाम यांत बरंच काही खपून जातं. दिवसाच्या पोशाखात लपायला जागा नाही. बाही काखेत ओढली तर उन्हात लगेच दिसते. पॅरिसच्या घराण्यांतल्या कार्यशाळाही वेगळ्या: कोट-जॅकेटच्या बांधीव कामाची ‘तायर’, मऊ, झुळझुळीत कापडाची ‘फ्लू’.

‘इंडिया कुटूर वीक’ या आपल्या फॅशन सप्ताहातल्या ‘कुटूर’ला ही फ्रेंच मान्यता नाही, म्हणून तिथलं काम कमी दर्जाचं ठरत नाही. राहुल मिश्रा 2020 साली पॅरिसच्या ओत कुत्यूर सप्ताहाच्या अधिकृत वेळापत्रकात संग्रह दाखवणारे पहिले भारतीय डिझायनर झाले, तेही मान्यताप्राप्त घराणं म्हणून नव्हे, निमंत्रित पाहुणे म्हणून.

तेव्हा बुटिकमध्ये ‘कुटूर’ ऐकलंत तर एवढंच विचारा: आधी मांजरपाटावर ट्रायल देणार का? गंमत म्हणजे, गल्लीतले टेलरमामा मापं वहीत लिहून थेट कापडावरच खडूने ब्लाउज बेततात. तयार पॅटर्न त्यांच्याकडेही नसतो, फक्त ‘त्वाल’ची चैन त्यांना परवडत नाही.