डरहॅमची दोन मैदानं: सिनेमातलं कोणतं, बैलाचं कोणतं?

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅम गावी बेसबॉलची दोन मैदानं आहेत: 'डरहॅम अ‍ॅथलेटिक पार्क' आणि 'डरहॅम बुल्स अ‍ॅथलेटिक पार्क'. नावात एका शब्दाचा फरक, अंतर साधारण मैलभर, आणि दोन्ही 'डरहॅम बुल्स' याच संघाशी जोडलेली. पहिल्याला लोक 'डॅप' म्हणतात, दुसऱ्याला 'डी-बॅप'. मॅच बघायची असेल तर डी-बॅपला जायचं. डॅपवर बुल्सचा शेवटचा हंगाम 1994 सालचा.

संघ 1902 चा, पहिलं नाव 'टोबॅकनिस्ट्स'. 'बुल्स' हे नाव आलं ते गावातल्या 'बुल डरहॅम' तंबाखूवरून. आज डॅप आहे त्याच जागेवर 1926 मध्ये 'एल टोरो पार्क' उभं राहिलं. 1933 मध्ये त्याचं नाव बदलून 'डरहॅम अ‍ॅथलेटिक पार्क' झालं. जून 1939 मध्ये सामना संपल्यावर काही तासांतच लाकडी स्टँड जळून गेला. दोन आठवड्यांत तात्पुरत्या बाकांवर खेळ पुन्हा सुरू झाला, आणि हंगाम संपल्यावर काँक्रीट-पोलादाचा स्टँड बांधला. 1972 ते 1979 संघच नव्हता. 1980 मध्ये तो परतला, तोही याच मैदानावर. प्रवेशाजवळचा शंकूच्या टोपीचा तिकिटांचा मनोरा दिसला की समजावं, हे डॅप.

खरा घोळ बैलाचा. 'बुल डरहॅम' (1988) हा सिनेमा डॅपवर चित्रित झाला. 'हिट बुल, विन स्टेक' (बैलाला चेंडू मारा, स्टेक जिंका) लिहिलेला बैलाचा फलक ही जुनी परंपरा नव्हेच. तो सिनेमासाठी बनवला आणि लोकांना इतका आवडला की मैदानावर राहिला. तेव्हा तो उजवीकडे, राइट फील्डला होता. आज बैल दिसतो तो डी-बॅपवर, डावीकडे, भिंतीच्या वर. बुल्सच्या फलंदाजाने होमरन मारला, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार टोलवला, की त्याचे डोळे लाल होतात, नाकपुड्यांतून धूर येतो, शेपूट हलते. म्हणून बैल पाहून 'हेच सिनेमातलं मैदान' असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते.

त्या बैलाखालची निळी भिंत, 'ब्लू मॉन्स्टर', 32 फूट उंच आहे. होमप्लेटपासून, म्हणजे फलंदाज उभा असतो तिथून, लेफ्ट फील्डच्या टोकापर्यंत अंतर फक्त 305 फूट. भिंत बुटकी असती तर साधे फटकेही बाहेर गेले असते. आता मात्र उंच उडालेला चेंडू पार होतो, पण सपाट जाणारा जोरकस फटका भिंतीवर आदळून मैदानात परत येतो. बॉस्टनच्या फेनवे पार्कमधल्या 37 फुटी हिरव्या भिंतीचंही असंच.

आणखी एक गैरसमज: नवं मैदान आलं म्हणून संघ वरच्या पायरीवर गेला, असं नाही. डी-बॅप 1995 मध्ये सुरू झालं, पण पहिले तीन हंगाम बुल्स सिंगल-ए या खालच्या दर्जाच्या कॅरोलिना लीगमध्येच होते. ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च लीगच्या लगेच खालची पायरी, 1998 मध्ये मिळाली. टँपा बे या मेजर लीग संघाशी नातंही तेव्हापासूनचं.