आजी हीच आत्या

मोबाइलवर अधूनमधून एका राजाचं चित्र फिरतं. लांब चेहरा, पुढे आलेली हनुवटी, आणि खाली 'शुद्ध रक्त' अशी कुचकट ओळ. हा स्पेनचा दुसरा कार्लोस (१६६१-१७००), युरोपातल्या हॅब्सबर्ग राजघराण्याचा. चेहऱ्यावर हसून झालं असेल तर त्याची वंशावळ बघा, खरी गंमत तिथे आहे.

घराणं मूळचं आल्प्सच्या बाजूचं. आजच्या स्वित्झर्लंडमध्ये आरे नदीजवळच्या टेकडीवर १०२०च्या दशकात त्यांची गढी उभी राहिली. १२७३मध्ये रुडॉल्फ जर्मनांचा राजा झाला, १३६३मध्ये आल्प्समधला टिरोल प्रांत हाती आला. पुढचं बरंचसं राज्य सोयरिकींतून मिळालं, आणि मिळालेलं बाहेर जाऊ नये म्हणून सोयरिकी घरातच होऊ लागल्या.

कार्लोसचा बाप चौथा फिलिप. त्याने १६४९मध्ये सख्ख्या बहिणीच्या मुलीशी, मारियानाशी लग्न केलं. म्हणजे कार्लोसची आई त्याची आतेबहीण, आणि आईची आई त्याची आत्या! आजोबा तिसरा फिलिप आईकडून पणजोबाही लागतो.

आता हिशोब. तिसऱ्या फिलिपच्या एखाद्या जनुकाची एकच प्रत कार्लोसकडे दोन्ही बाजूंनी यायची, तर बापाकडून दोन पायऱ्या आणि आईकडून तीन. प्रत्येक पायरीवर शक्यता निम्मी, म्हणून १/३२. फिलिपकडे प्रत्येक जनुकाच्या प्रती दोन, म्हणून १/१६. फिलिपची बायको, म्हणजे कार्लोसच्या बापाची आई मार्गारेट, तिचंही तेवढंच. बेरीज १/८, हा मामा-भाचीच्या अपत्याचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं, तिथे तो १/१६ येतो.

पण तिसऱ्या फिलिपचे आईवडील मामा-भाची होते, आणि मार्गारेटचेही! त्याआधीही सोयरे तेच ते. म्हणून १/८वर हिशोब थांबत नाही. स्पॅनिश संशोधकांनी २००९मध्ये सोळा पिढ्या मोजल्या, तेव्हा कार्लोसचा गुणांक ०.२५४ निघाला. सख्ख्या भावाबहिणीच्या अपत्याचा ०.२५ असतो. म्हणजे साधारण चौथा हिस्सा जागी दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या, आणि प्रत सदोष असेल तर झाकायला दुसरी नाही. अर्थात या आकड्यावरून कार्लोसच्या आजाराचं नाव कळत नाही. ते छातीठोकपणे सांगणाऱ्या व्हिडिओंपासून जपून.

दरबाराने मात्र त्याच्या आजारपणाला करणी ठरवलं. राजाला 'झपाटलेला' म्हणत, त्याच्यावरचं भूत उतरवायला धर्मगुरू बोलावले गेले. दोन लग्नं झाली, मूल झालं नाही. १७००मध्ये कार्लोस गेला, स्पेनची शाखा संपली आणि गादीसाठी युरोपभर युद्ध पेटलं.