त्रिघाती फलनाचा आलेख

य = अ·क्ष³ + ब·क्ष² + क·क्ष + ड (अ शून्य नाही) या फलनाचा वक्र, ढीगभर बिंदू न मांडता, कलनाने वळणे शोधून काढण्याची रीत. पहिला अवकलज (फलनाच्या बदलाचा दर) चढ-उतार सांगतो, दुसरा (त्या दराच्या बदलाचा दर) बाक.

कोकणातल्या खाडीकाठी राहणाऱ्याला हा वक्र ओळखीचा वाटेल. ओहोटी पूर्ण झाल्यापासून सुमारे सव्वासहा तासांनी भरती पूर्ण होते. सोयीसाठी ६ तास आणि २ मीटर चढ धरला, तर मधल्या वेळेतली पाण्याची उंची य = (९क्ष² − क्ष³)/५४ या फलनाशी बरीच जुळते. क्ष म्हणजे ओहोटीनंतरचे तास, य मीटरमध्ये.

पहिला अवकलज क्ष(६ − क्ष)/१८. तो ० आणि ६ ला शून्य होतो, मध्ये धन, बाहेर ऋण असतो. म्हणून (०, ०) हे स्थानिक लघुतम, (६, २) हे महत्तम. दुसरा अवकलज (३ − क्ष)/९ हा ३ ला चिन्ह बदलतो, म्हणून (३, १) हा नतिपरिवर्तन बिंदू, म्हणजे वक्राचा बाक उलटतो ती जागा. नवखे विद्यार्थी याच्याकडे दुर्लक्ष करतात. खरे तर पाणी सर्वांत वेगाने चढते ते इथेच, तासाला ५० सेंमी. पहिल्या तासात ते जेमतेम १५ सेंमी चढते. ओहोटीला होडी बांधून गेलेल्याने दोराची काळजी करायची ती तिसऱ्या-चौथ्या तासाची.

हा बिंदू वक्राचा मध्यही असतो: त्याभोवती वक्र अर्धा फेरा फिरवला तर स्वतःवरच बसतो. त्यामुळे −३, ०, ३, ६, ९ या समान अंतरांवर उंची २, ०, १, २, ० येते. दोन वळणे असलेल्या कोणत्याही त्रिघातीत ही मांडणी साधते. पाच बिंदूंत आकृती उभी राहते. इथे अ ऋण असल्याने डावे टोक वर, उजवे खाली.

ब² − ३अक धन असेल तरच दोन वळणे मिळतात. शून्य असेल तर वक्र क्षणभर सपाट होऊन त्याच दिशेने पुढे जातो, ऋण असेल तर तेवढेही नाही. नतिपरिवर्तन बिंदू मात्र −ब/३अ येथे नेहमीच असतो.

भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, चढ १ मीटर धरायचा तर ५४ च्या जागी १०८ लिहायचे. वळणांच्या वेळा बदलत नाहीत. सहा तासांनंतर हे फलन सोडावे लागते: खाडीचे पाणी उतरून पुन्हा चढते, त्रिघाती उतरतच राहते.